एक शंका होती, साहेब

अख्ख्या जालना जिल्ह्यात वाहतूक पोलीस दिसल्यावर गाडीचा वेग वाढवणारा एकच माणूस आहे, आणि तोही निसटण्यासाठी वाढवत नाही; साहेब चहाला निघून जायच्या आत त्यांना गाठावं म्हणून वाढवतो. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी. आमच्याकडे चौकात पोलीस उभे आहेत अशी नुसती कुणकुण लागली तरी बाकीची जनता जुन्या जालन्याच्या बोळांत अशी काही विरघळते, की क्षणापूर्वी रस्त्यावर एवढ्या मोटारसायकली होत्या यावर विश्वास बसू नये. एक जण धान्याच्या पोत्यांआड गाडी लावून भाव विचारायला लागतो, दुसरा कापडाच्या दुकानात शिरून नको असलेला टॉवेल उलगडायला लावतो. अशा वेळी मोकळ्या झालेल्या त्या रस्त्यावरून एकच फिकट निळी, जुनी, लहानशी गाडी डावा दिवा मिचकावत सरळ पोलिसांच्या पुढ्यात जाऊन थांबते. आतून उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद केलेले दाजी उतरतात, दोन्ही हात जोडतात आणि म्हणतात, "नमस्कार साहेब. एक शंका होती."

पोलीस सवयीनं म्हणतो, "लायसन."

"ते देतो ना. पण आधी शंका."

दाजी परतूरच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ताईला घेऊन जालन्यात राहायला आले. नोकरीत असेपर्यंत त्यांच्या शंका विद्यार्थ्यांच्या वाट्याला जात असाव्यात. निवृत्तीनंतर त्या एकदम मोकाट सुटल्या आणि पोलीस खात्याच्या दिशेनं धावल्या. नियम पाळण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. गाडीत बसले की दार लावायच्या आधी त्यांचा पट्टा लागतो. हेल्मेट घालून ते भाजी आणतात आणि घातलेल्या हेल्मेटातूनच भेंडी कोवळी आहे का ते विचारतात. आमच्या घरी आले की सोफ्यावर बसताक्षणी त्यांचा डावा हात उजव्या खांद्यामागं जाऊन काहीतरी चाचपतो आणि पट्टा नाही म्हटल्यावर नाइलाजानं मांडीवर येतो. पण पाळणं वेगळं आणि समजणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. "मेव्हणे," ते मला सांगतात, "पोरगं पाढे म्हणतं म्हणजे त्याला गुणाकार येतो असं न्हाई. मी पाढे म्हणून राह्यलो. गुणाकार अजून यायचाय."

त्यांच्या शंका अशा की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग हळूहळू घाम फुटतो. एकदा अंबड रस्त्यावर एका अगदी नव्या, कोवळ्या शिपायानं आम्हाला थांबवलं. म्हणजे दाजीच थांबले होते, पण त्या पोराला वाटलं आपणच थांबवलं. त्यानं कागद मागितले. दाजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून निश्चल.

"कागद, काका."

"देतो. पण शंका आहे. गाडी चालवताना फोन हातात धरला तर दंड. बराबर?"

"बराबर."

"आन माझे कागद हायेत फोनात. मंग फोन घेऊ का न्हाई?"

"गाडी उभी आहे ना, घ्या."

"इंजिन चालू हाय."

"मग बंद करा."

"केलं. आता मला सांगा, इंजिन बंद केल्यावर मी चालक उरलो का? चालक नसलो तर तुम्ही मला कागद कसे मागता? आन चालक असलो तर फोन कसा घ्यायला लावता?"

त्या पोरानं आभाळाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आमच्यामागं तुंबलेल्या ट्रकांकडं पाहिलं. सगळे ट्रक एका सुरात ओरडत होते. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, तुम्ही जा." दाजींचा चेहरा पडला. सुटका झाल्यावर इतका हिरमुसलेला वाहनचालक त्या शिपायानं नंतर कधी पाहिला नसेल. पुढं कितीतरी वेळ ते पुटपुटत होते, "पोरगं चांगलं होतं. पण उत्तर दिलं न्हाई."

जुन्या जालन्यातली गंमत तर मी स्वतः गाडीत बसून भोगली आहे. तिथल्या एका अरुंद गल्लीत गाड्यांनी एकाच दिशेनं जायचं असा फलक आहे. ताईला ब्लाउजपीस घ्यायचा होता, आणि बोलता बोलता तिचं दुकान मागं राहिलं. दुसरा कुणी असता तर वळसा घालून आला असता. दाजी थांबले, त्यांचे डोळे चमकले, आणि त्यांनी गाडी उलटी घातली. कापडाचे गठ्ठे, ऑटो, दुचाक्या, एक उसाच्या रसाचा गाडा, सगळ्यांमधून आमची गाडी शेपटीच्या बाजूनं निघाली. नेमके गल्लीच्या तोंडाशी चौकातले हवालदार उभे. जाडजूड, भरघोस मिशांचे, आवाज ढोलासारखा. त्यांनी शिट्टी तोंडात घेतली, पण ती वाजवायच्या आत दाजी खाली उतरले होते.

"साहेब, एक शंका होती. रस्ता एकेरी. माझ्या गाडीचं तोंड नियमाच्या दिशेला हाय. फक्त गाडी मागं चाललीय. हे चूक का बराबर?"

हवालदारांनी शिट्टी काढली, टोपी काढली, डोकं खाजवलं. "सर, माझ्या सगळ्या नोकरीत असं कुणी केलं न्हाई."

"हे बघा, कुणी केलं न्हाई म्हणून तो गुन्हा न्हाई, का गुन्हा हाय म्हणून कुणी केला न्हाई?"

हवालदारांनी दंड लावला. दाजींनी तो आनंदानं भरला आणि पावती घडी करून खिशात ठेवताना हवालदारांचा हात हातात घेतला. "ह्याला म्हणतात उत्तर," ते म्हणाले. मागच्या सीटवर ताईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. गल्लीतली निम्मी दुकानं तिची ओळखीची होती.

त्या दिवसापासून त्या हवालदारांच्या आयुष्यातली शांतता संपली. दाजी त्यांना रोज गाठायचे. सुरुवातीला हवालदार निळी गाडी दिसली की रसाच्या गाड्यामागं जायचे. पण एवढा देह गाड्यामागं मावणार कसा? दोन्ही बाजूंनी खाकी दिसायचीच. दाजी तिथं जाऊन आधी दोन ग्लास रस सांगायचे आणि मग विचारायचे. बंद पडलेली मोटारसायकल ढकलत नेताना हेल्मेट लागतं का? पिवळा दिवा लागला तेव्हा माझी पुढची चाकं रेघेच्या पुढं आणि मागची मागं असतील तर मी थांबलो धरायचा का गेलो धरायचा? वरातीतल्या घोड्यानं सिग्नल तोडला तर दंड नवरदेवाला का घोडेवाल्याला? हळूहळू काहीतरी विलक्षण घडलं. हवालदार लपायचे बंद झाले. उलट दाजी दिसले की तेच हात करून थांबवायला लागले. "सर, ते घोड्याचं मोठ्या साहेबांना इच्यारलं. साहेब हसले. पण उत्तर त्यांनाबी सुचलं न्हाई." एकदा मी सोबत असताना रसाचा ग्लास हातात फिरवत ते मला म्हणाले, "पाव्हणं, दिवसभर लोक मला दोनच गोष्टी सांगतात. 'जाऊ द्या ना साहेब', न्हाईतर 'मी अमक्याचा माणूस'. हे सर एकटेच मला काही इच्यारतात. घरी गेलो तरी मी इचार करून राह्यलेलो असतो. बायको म्हणते, कशाचा एवढा इचार करून राह्यले? तिला काय सांगू, घोड्याचा?"

दाजींच्या या नादाचा सगळ्यात मोठा धसका आमच्या घराण्यानं घेतला तो माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात. लग्न परतूरला, दुपारचं. ऐन वेळी ठरलेली गाडी बंद पडली आणि नवरीला कार्यालयात न्यायचं काम दाजींवर आलं. पांढरी शुभ्र साडी नेसलेली नवरी मागच्या सीटवर, तिच्या एका बाजूला ताई, पुढं मी. ताईनं निघतानाच दाजींना बजावलं, "आज कुठं थांबायचं न्हाई. पोलीस दिसला तरी न्हाई. डोळे मिटून घ्या."

"गाडी चालवताना?" दाजी म्हणाले.

परतूरच्या अलीकडं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टर, टेम्पो, त्यांच्यावर डोंगराएवढा कापूस, आणि त्या गर्दीत एक पोलीस अधिकारी मोटारसायकलीवर रेलून वाहतूक मोकळी करत होते. आमच्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं.  ताईनं मागून दाजींच्या शर्टाची कॉलर धरली. डावा दिवा मिचकावायला लागला.

"साहेब, एक शंका होती."

"बोला."

"मागच्या सीटवरच्यांनीबी पट्टा लावायचा. बराबर? आमची नवरी हाय. पट्टा पदरावरून घ्यायचा का पदराखालून? वरून घेतला तर साडी चुरगळते, खालून घेतला तर पिना तुटतात. दोन्हीकडून तिची आई मला सोडत न्हाई."

अधिकाऱ्यांनी खिडकीतून आत पाहिलं. नवरी रडण्याच्या बेतात होती. ताई तर रडतच होती. तिकडं कार्यालयात लग्न लावणारे भन्तेजी येऊन बसले होते, वेळ होत आली होती, आणि पुढं नजर पोचेल तिथवर कापूस. अधिकारी एवढ्या जोरात हसले की शेजारचा ट्रॅक्टरवाला दचकला. म्हणाले, "पट्टा लावा बाई कसाही, आणि माझ्या मागं या." त्यांनी मोटारसायकल सुरू केली, शिट्टी फुंकली, आणि तो कापसाचा डोंगर दोन्ही बाजूंना सरकायला लागला! काय सांगू त्या प्रवासाबद्दल! पुढं पोलिसांची मोटारसायकल, मागं आमची निळी गाडी, दाजी ताठ बसलेले, चेहऱ्यावर असा काही तेजाचा भाव की जणू जिल्ह्याचा कारभार त्यांच्या हाती आलाय. बाजारातली माणसं वळून बघत होती. नवरी रडायची थांबून हसायला लागली आणि तिनं खिडकीतून हातही हलवला.

कार्यालयाच्या दारात मात्र हाहाकार उडाला. पोलिसांच्या मागोमाग नवरी येते म्हटल्यावर मुलाकडच्यांचा समज झाला की काहीतरी तक्रार झालीय. नवऱ्या मुलाचे वडील पांढरेफटक पडले. त्यांचे एक भाऊ स्वयंपाकाच्या बाजूच्या दारानं बाहेर पडले ते थेट जेवणाच्या पंगतीलाच परत आले. त्यांच्यावर कधीकाळी नेमकं काय होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. अधिकाऱ्यांना आग्रहानं जेवायला बसवलं, आणि दाजींनी त्यांच्या शेजारी बसून वाढप्याला बुंदी वाढायला लावत पिवळ्या दिव्याचा विषय काढला.

ताईनं त्यानंतर कितीतरी दिवस दाजींशी अबोला धरला. मी एका दुपारी तिच्याकडं गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. मी म्हटलं, "ताई, तू त्यांना एकदा शेवटचं बजावत का नाहीस? असं किती दिवस चालायचं?" ती उलथनं फिरवत म्हणाली, "न्हाई बजावू शकत रे."

आणि मग तिनं मला दाजींच्या वडिलांची गोष्ट सांगितली. घनसावंगीकडच्या एका खेड्यात ते रोजानं कामाला जायचे. दाजींना मोठ्या शाळेत घालायचं म्हणून त्यांनी कुणाची तरी सायकल मागून आणली, मुलाला मागं बसवलं आणि जांबच्या वाटेनं निघाले. वाटेत एका कडुलिंबाखाली एक पोलीस तंबाखू मळत उभा होता. त्यानं यांच्याकडं पाहिलंही नव्हतं. पण वडील सायकलवरून उतरले. मुलालाही उतरवलं. सायकल हातात धरून, मान खाली घालून ते त्या झाडापुढून चालत गेले आणि बरंच लांब गेल्यावर पुन्हा सायकलवर बसले. दाजींनी विचारलं, "बाबा, आपण का उतरलो?" वडील म्हणाले, "उतरायचं असतं." "कुणी सांगितलं?" त्यावर वडील म्हणाले, "कुणी सांगावं लागत न्हाई."

"लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी मला हे सांगितलं होतं," ताई म्हणाली. "बाकी काही मनाला लावून घेत न्हाईत. पण ते 'कुणी सांगावं लागत न्हाई' त्यांच्या डोक्यातून गेलंच न्हाई. म्हणून विचारत फिरतात. मला लाज वाटते, पण मी थांबवत न्हाई." मग एकदम चिडून म्हणाली, "पण नवरी गाडीत असताना थांबायचं काही कारण होतं का?"

गेल्या वर्षी जालन्यात वाहतूक शाखेला एक नव्या बाई अधिकारी आल्या. चटपटीत, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी जाहीर केलं की रविवारी सकाळी सभागृहात चालकांनी यावं, वाहतुकीचे नियम, गाडी थांबवणं, दंड, काय वाटेल ते पोलिसांना विचारावं. पोलीस उत्तरं देतील. ही बातमी हवालदारांनी दाजींना रसाच्या गाड्यावर दिली आणि दाजींनी हातातला ग्लास एका दमात रिकामा केला.

त्या आठवड्यात दाजींना झोप नव्हती. ताईच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच्या लग्नाच्या वेळीही ते इतके खुललेले नव्हते. कटिंग केली. शर्टाला दोनदा इस्त्री. सभागृहात तर ते खुर्च्या यायच्या आधी पोचले होते आणि मी ताईला घेऊन गेलो तेव्हा हवालदारांच्या हाताखाली कापडी फलकाची दोरी ओढत होते. "सर, तुमची बाजू खाली हाय," हवालदार ओरडत होते. दाजी डोळे बारीक करून वर बघत म्हणत होते, "मला तर बराबर दिसून राह्यली." त्या वेळी मी या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही.

सभागृह गच्च भरलं. ऑटोवाले, ट्रकवाले, ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी, स्कुटीवाल्या कॉलेजच्या पोरी. व्यासपीठावर बाई अधिकारी, त्यांच्या मागं हवालदार. बाई म्हणाल्या, "विचारा. इथं कुणाला दंड होणार नाही." चार-सहा जण हसले. हात एकाचाही वर आला नाही.  "अहो, विचारा," बाई पुन्हा म्हणाल्या. लोक एकमेकांकडं बघू लागले, चपला बघू लागले. रोज चौकाचौकात तावातावानं बोलणारी ही माणसं खाकीपुढं अशी बसली होती, जणू वर्गात गृहपाठ विचारलाय. मी दाजींकडं पाहिलं. हवालदारांनीही पाहिलं. सगळ्या जिल्ह्यात ज्यांच्याकडं प्रश्नांचा एवढा साठा, ते दाजी हाताची घडी घालून गप्प.

"दाजी, उठा ना!" मी कुजबुजलो.

"न्हाई," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मी उठलो तर मीच विचारीन आन हे सगळे टाळ्या वाजवून घरी जातील. ह्यांना विचारू द्या." आणि त्यांनी डाव्या बाजूला बसलेल्या, रोज ताईला बाजारात नेणाऱ्या ऑटोवाल्याला कोपरानं ढोसलं. "ऊठ. तू मला रोज विचारतो ना, ते त्यांना विचार. जल्दी."

ऑटोवाला उठला. मग बसला. दाजींनी पुन्हा ढोसलं. तो उठला, समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि म्हणाला, "मॅडम... गाडी थांबवली, आम्ही थांबलो, मंग चाबी काढून का घेत्यात?"

 बाईंनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. "तुम्ही थांबलात तर चावीला हात लावायचं काही कारण नाही," त्या म्हणाल्या. "कुणी लावला तर मला येऊन सांगा. पण थांबायचं मात्र. पळायचं नाही."

आणि धरण फुटलं! "मॅडम, माझाबी एक!" "आधी मी हात वर केल्ता!" दंड झाला आणि पावती मोबाईलवर आली, पण मोबाईल साधा असला तर ती बघायची कशात? अंधार पडल्यावर एकट्या बाईला थांबवलं तर तिनं लगेच थांबायचं का उजेडापर्यंत गेलं तर चालतं? हे एका स्कुटीवाल्या पोरीनं मैत्रिणीचा हात धरून शेवटपर्यंत विचारलं. एक म्हातारे शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, "शेळ्या रस्ता ओलांडून राह्यल्या तर गाडीवाल्यानं थांबायचं का शेळ्यांनी?" सभागृह खदखदून हसलं, पण बाईंनी त्याचंही नीट उत्तर दिलं आणि म्हाताऱ्यांनी समाधानानं मान हलवली. हवालदार घाम पुसत इकडून तिकडं माईक पोचवत धावत होते. लोक खुर्च्यांवरून उठून पुढं सरकले होते. माझ्याही नकळत माझा हात वर गेला होता. मी दाजींकडं पाहिलं. ते प्रत्येक प्रश्नाला "वा!" म्हणत होते, प्रत्येक उत्तराला मांडीवर थाप मारत होते. त्यांच्या वर्गातली सगळी मुलं एकदम पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

बऱ्याच वेळानं बाईंनी हात वर केला. "एक शेवटचा. हवालदारांनी मला एका सरांबद्दल फार सांगितलंय. घोड्याचा प्रश्न विचारणारे." टाळ्या पडल्या. "सर, तुमचाच प्रश्न राहिला."

दाजी उठले. मला वाटलं, आता पिवळा दिवा. पण त्यांनी माईक घेतला. मग व्यासपीठाकडं वळून म्हणाले, "मॅडम, माफ करा, माझा प्रश्न हवालदारसाहेबांना हाय."

हवालदार मागून पुढं आले.

"एक शंका होती, साहेब," दाजी म्हणाले. "एक चालक हाय. वयस्कर. चौकात दिवा लाल हाय का हिरवा, हे त्याला आता रंगावरून कळत न्हाई. वरचा पेटला का खालचा, त्याच्यावरून तो वळखतो. ऊन तोंडावर असलं तर तेबी कळत न्हाई. मंग शेजारचे निघाले की तोबी निघतो. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय, परत यायचा न्हाई. लायसनची मुदत अजून बाकी हाय. मंग... त्यानं गाडी चालवावी का?"

 माझ्या शेजारी ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एकदम आठवलं, हल्ली सिग्नल हिरवा होऊनही दाजी मागच्याचा हॉर्न वाजेपर्यंत थांबायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, घाई कशाला.

हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी नजर खाली केली. उत्तर त्यांच्याकडून मागितलेलं नव्हतं. हवालदार व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि दाजींच्या पुढं उभे राहिले.

"न्हाई, सर," ते म्हणाले. तो ढोलासारखा आवाज मागच्या रांगेपर्यंतही पोचला नाही. "त्यानं चालवू न्हाई."

"बराबर," दाजी म्हणाले. वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर म्हणत असतील तसं, शांतपणे, थोडं कौतुकानं. "बिलकुल बराबर." मग खिशातून गाडीची चावी काढली आणि मागं वळून ताईच्या हातावर ठेवली. "मला माहीत होतं," ते तिला म्हणाले. "पण कुणीतरी सांगावं लागतं."

त्या दिवशी गाडी मी घरी आणली.  मला वाटलं ती निळी गाडी आता विकली जाणार. पण दुसऱ्या दिवशी ताईनं घोषणा केली, "मी शिकणार." तिनं आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर तिची शिकवणी सुरू झाली. शिकवायला एक प्रशिक्षक होता, पण त्याला बोलायला फारशी संधी मिळत नसे. "क्लच!" दाजी ओरडायचे. "तुम्हाला दिसतंय का मी कुठं पाय ठेवलाय?" ताई ओरडायची. "ऐकू येतंय ना!" पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण परीक्षा घेणाऱ्या साहेबांना दाजी कुंपणाबाहेरून शंका विचारत राहिले आणि ती चिडून गाडी मध्येच बंद करून खाली उतरली. दुसऱ्यांदा दाजींना घरी ठेवलं आणि ती पास झाली. पेढे घेऊन दोघं आधी चौकात गेली, मग माझ्याकडं आली.

ताई छान चालवते. जरा हळू, पण छान. हवालदारांची आता भोकरदनला बदली झाली आहे. चौकात कुणी तरुण पोरगं असतं, त्याला दाजी माहीत नाहीत, आणि दाजींनाही हल्ली गाडी बाजूला घ्यायला सांगावंसं वाटत नाही. ते डाव्या सीटवर पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून बसतात आणि काचेतून पुढं बघत राहतात. किती दिसतं, ते आम्ही विचारत नाही.

परवा मी त्यांच्यासोबत मागच्या सीटवर होतो. ऊन अगदी तोंडावर होतं. चौकात ताईनं गाडी थांबवली. बाजूला ऑटो, मोटारसायकली गुरगुरत उभ्या होत्या.

"काय लागलंय?" दाजींनी हळूच विचारलं.

"लाल," ताई म्हणाली.

थोड्या वेळानं, "आता?"

"लालच हाय."

"आता?"

मला वाटलं ती आता खेकसेल. सगळा संसार तिनं या माणसाच्या प्रश्नांपायी पदर तोंडावर ओढून घेण्यात घालवलेला. पण तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, अगदी क्षणभर.

"हिरवा," ती म्हणाली. "हिरवा झालाय. चला."

गाडी पुढं निघाली. मागून मला दिसलं, दाजींचा उजवा पाय, तिथं नसलेल्या पॅडलवर, अलगद दाबला गेला.